पाच वृत्ती आणि बाबांचा माग

योगाच्या वर्गाला मी जातो ते गुडघ्यांसाठी. तत्त्वज्ञानाशी आपलं काही देणंघेणं नाही, असं माझं मत होतं. पण नागपूरच्या आमच्या नंदनवन भागातला वर्ग घेणाऱ्या, संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी ‘मनाच्या वृत्ती’ या विषयावर दोन दिवसांचं शिबिर ठरवलं, तेही उमरेड रोडवरच्या एका शेतावर. उमरेडला माझा थोरला भाऊ राहतो. नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. शेतापर्यंतच जाणार, असं बायकोला बजावून निघालो.

शनिवारी सकाळी साडेसहाला स्कूटर काढली. दिघोरी नाका सुटला की रस्ता चांगला आहे, पण कोळशाच्या ट्रकांपासून जपून चालवावं. पाचगावला तर्री-पोहे खाल्ले. शिबिराचे जेवणाखाणासह बाराशे रुपये. पांघरूण मात्र आपलं न्या. हिवाळ्यात शेतावर चांगलंच गारठायला होतं.

लिंबाखाली सतरंज्या घालून आम्ही चौदा जण बसलो. बाई म्हणाल्या, मन सतत पाचांपैकी काहीतरी करत असतं. खरं जाणणं म्हणजे प्रमाण. ते पाहून, अनुमानानं किंवा खात्रीच्या माणसाकडून कळतं. चुकीचं जाणणं म्हणजे विपर्यय.

“आमच्या कोराडीले पाहुणे आले का चिमणीच्या धुराले ढग समजतात, तसंच ना?” वीज केंद्रातले एक काका म्हणाले.

“अगदी तसंच,” म्हणून बाईंनी पुढे सांगितलं. ज्याच्या मागे वस्तूच नाही, जे नुसत्या शब्दांवर उभं आहे, तो विकल्प. मग निद्रा आणि स्मृती. झोपसुद्धा वृत्ती, हे ऐकून काका खूश झाले आणि जेवणानंतरच्या सत्रात ती त्यांनी मनापासून केली.

रविवारी सकाळी बाईंनी कागद वाटले. मनात वारंवार येणारी एक गोष्ट लिहायची आणि तिच्या प्रत्येक तुकड्यासमोर लिहायचं, हे पाहिलं, अनुमान केलं, ऐकलं, की मनानंच जोडलं.

मी लिहिलं, ‘बाबा गेले आणि दादानं त्यांचा हातमाग मला न विचारता विकला.’ त्या मागाशेजारी सुताच्या कांड्या भरता भरता मी पाढे पाठ केले होते. बाबा गेले, हे पाहिलं. वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा माग जागेवर नव्हता, हेही पाहिलं. विकला, हे चुलतभावाकडून ऐकलं. ‘मला न विचारता’ यासमोर काय लिहावं, ते सुचेना.

“कोरं ठेवा,” बाई म्हणाल्या. “विचारता येण्यासारखं असेल, तर विचारा.”

दुपारी सगळे नागपूरकडे वळले. मी उमरेडकडे.

दार दादानंच उघडलं. फार वाळला होता. “ये,” एवढंच म्हणाला. वहिनीनं चहा ठेवला. मी इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, “दादा, माग विकताना मले काहून नाही विचारलं?”

“विचारलं ना गा. फोन केला होता तुले. तूच म्हणला, जागा अडवून राहिला तो, देऊन टाक.”

“मी?”

“वहिनी बाजूलेच होती. विचार तिले.”

वहिनीनं होकारार्थी मान हलवली. मी चहाचा कप खाली ठेवला. मग थोडं थोडं आठवलं. सदर भागातल्या ऑफिसच्या जिन्यात उभा होतो, वरून साहेब बोलावत होते. माझे शब्द आठवले नाहीत. फोन लवकर संपवायची घाई तेवढी आठवली.

“मग इतकी वर्षं बोलला काहून नाही?”

“आला कधी तू, तुले सांगाले?”

दादानं रात्रीच्या जेवणाला थांब म्हटलं, थांबलो नाही. गाडीचा दिवा कमजोर होता. फाटकापर्यंत तो आला. मी पाया पडायला वाकलो तेव्हा त्यानं पाठीवर हात ठेवला आणि हळू चालव म्हणाला.

अंधार पडता पडता घरी पोचलो. अशा शिबिराला जावं का, असं विचाराल तर जावं, पण गुडघे बरे होतील म्हणून नाही. माझं मन काही शांत झालेलं नाही. कागदावरची ती जागा भरली, एवढंच. पण ही गोष्ट नऊ वर्षांत मी पोरीला किती वेळा सांगितली असेन! तिला समोर बसवून पुन्हा सांगितली, या वेळी झाली तशी.

दादाला ती मोठे बाबा म्हणते. तिनं विचारलं, “म्हणजे मोठ्या बाबांकडे आपण इतकी वर्षं गेलो नाही, ते उगाचच?”

“हो,” मी म्हणालो.