बुधवार-शुक्रवारची दाढी

माझ्या सासऱ्यांची दाढी गल्लीला ऐकू यायची. आधी वाटीत ब्रशची टकटक, मग पितळी रेझर तांब्यावर आपटल्याचा ठणठण आवाज, मग गालावरून खरवडत उतरणारं पातं, आणि प्रत्येक पट्ट्यानंतर आप्पांचा समाधानाचा एक ‘हां’. अणदूरच्या आमच्या घराच्या ओट्यावर, खिडकीच्या गजाला आरसा टांगून, उन्हाकडे तोंड करून हा कार्यक्रम तासभर चालायचा. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मला वाटलं, घरात आणखी एक नवरदेव तयार होतोय.

आप्पा दाढी फक्त बुधवारी आणि शुक्रवारी करायचे. कारण विचारलं की बोटांवर मोजून दाखवायचे. “सोमवार महादेवाचा. मंगळवार तुळजापूरच्या देवीचा. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. ऱ्हायलं काय?” शुक्रवारही देवीचाच असतो, हे मी एकदा हळूच सुचवलं. त्यावर ते म्हणाले, “मंगळवार नीट पाळला की शुक्रवारचं देवी समजून घेती. बाईमाणूसच हाय ती, घरातल्या अडचणी तिला ठाव्या असत्यात.”

दोन वारांची दाढी म्हणजे पात्यालाही विश्रांती. आप्पांचं एक दुधारी पातं महिनाभर जायचं. धार बोथट झाली की काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूने ते बोटाने दाबून घासायचे आणि पुन्हा आठवडाभर चालवायचे. नंतर ते पातं शिवण उसवायला सासूबाईंकडे, तिथून सुतळी कापायला आप्पांच्या दुकानात. पाणीसुद्धा ते गॅसवर तापवत नसत. तांब्या सकाळीच उन्हात ठेवलेला असायचा. “सूर्याचं बिल येत न्हाय,” असं म्हणायचे. साबणाची वडी इतकी झिजायची की शेवटी वाटीत साबण आहे की त्याचा वास आहे, हे सांगता यायचं नाही.

या सगळ्यातून एकच गोष्ट वगळलेली होती, ती म्हणजे मिशी. तिला ना पातं लागायचं ना काटकसर. खोबरेल तेल लावून, पीळ देऊन, दोन्ही टोकं गालफडांवर बसवलेली. मुंडासं बदलेल, चष्मा बदलेल, मिशी नाही. पंचक्रोशीत पत्ता सांगताना लोक ‘मिशीवाल्या आप्पाचं दुकान’ म्हणायचे.

दाढीला प्रेक्षक असायचे. पलीकडच्या गल्लीतले शिवप्पा, ज्यांचं अर्धं बोलणं कानडीत असायचं, आणि निवृत्त झालेले कांबळे सर. सर बौद्ध, त्यांच्या घरी कुठल्याच वाराचं बंधन नाही. ते रोज घरीच दाढी करायचे आणि बुधवारी-शुक्रवारी गुळगुळीत होऊन आप्पांची दाढी बघायला यायचे. “आप्पा, तुमचे देव तुमच्या दाढीवर टपून बसलेत,” असं म्हणायचे. “बसू द्या की,” आप्पा फेसातून उत्तर द्यायचे, “तुमच्यासारखं रिकामं बसल्यापेक्षा बरं.” शिवप्पा दोन्हीकडून “हौदू, हौदू”, म्हणजे ‘हो, हो’, करायचे. आणि मी चहा टाकायची.

या शांत राज्यात प्रकाशरावांनी खळबळ माजवली. प्रकाशराव म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरीला, रोज सकाळी दाढी करणारे. आमच्याकडचा खंडोबा एकच, पण त्याची देवळं दोन. वर्षातला बराचसा काळ देव अणदूरला असतो आणि थंडीत काही दिवस नळदुर्गला जातो. तसा दोन्ही गावांत करारच आहे. देव निघायच्या त्या दिवसासाठी प्रकाशराव आले आणि आपल्या पाच पात्यांच्या रेझरचं पुढचं डोकं, ते कार्ट्रिज, पुण्यात विसरून आले.

माझा नवरा महेश त्यांना मोटारसायकलवर बसवून नळदुर्गला घेऊन गेला. तिथल्या एका दुकानात ते मिळालं, पण काचेच्या कपाटात, कुलपात. किल्ली मालकाकडे, मालक जेवायला घरी. दोघे उन्हात वाट बघत उभे राहिले आणि दुपारी पाकीट घेऊन परतले. आप्पांनी ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं, किंमत वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“जावईबापू, ह्येला कुलूप का लावत्यात ते कळलं. ही दाढी न्हाय, हा दागिना हाय.”

“आप्पा, एका पट्ट्यात काम होतं. तुमच्यासारखा तास जात नाही.”

“तास माझा हाय, कुणाकडून उसना आणलेला न्हाय.”

“पण खर्च म्हणाल तर, सगळा धरला तर, तुमचीच दाढी महाग पडेल.”

हे ते सहज बोलले असावेत. पण शुक्रवार असल्याने ओट्यावर शिवप्पा आणि सर अजून बसलेले होते, त्यामुळे ते सहज राहिलं नाही. पैज लागली. देव आज नळदुर्गला निघतोय, तर पुढच्या वर्षी तो पुन्हा निघेपर्यंत दोघांनी खर्च मोजायचा. जावई हरले तर त्यांनी मिशी वाढवायची आणि ती पुण्याच्या ऑफिसात मिरवायची. आप्पा हरले तर मिशी उतरवायची. हे ऐकल्यावर शिवप्पांनी स्वतःच्याच ओठावर हात ठेवला.

पंच मी. घरातल्या किराण्यापासून औषधांपर्यंत सगळ्या याद्या मीच ठेवते, त्यामुळे विचारायचा प्रश्नच नव्हता. पहिला वाद वारांचा झाला. प्रकाशरावांचं म्हणणं, “मी रोज करतो, आप्पांना पाच दिवस देवांची सवलत आहे.” मी निर्णय दिला: वर्षाचा नाही, एका दाढीचा खर्च धरायचा. आणि दाढीमुळे जे जे लागेल ते सगळं धरायचं. दोघांनी मान्य केलं. दुसऱ्या कलमावर आप्पांनी तर “शंभर टक्के” म्हणून मांडीवर थाप मारली.

ते वर्ष फार मजेत गेलं. आप्पांच्या ब्रशचे केस गळायला लागले तर त्यांनी नवा न घेता दोऱ्याने बांधला. तो शेवटी कणसाच्या तुऱ्यासारखा दिसायला लागला. तिकडे प्रकाशराव एकच कार्ट्रिज इतके दिवस ओढायला लागले की नणंदेचा फोन आला, “वहिनी, ह्यांच्या गालावर शेत नांगरल्यासारखं झालंय.” आठवड्याने खुद्द प्रकाशरावांचा. “वहिनी, आप्पांना कळू देऊ नका. तुरटी कशी लावतात?” फोन स्पीकरवर होता. आप्पा शेजारीच होते. “ओली करून फिरवा,” ते शांतपणे म्हणाले, “आणि पंचांना सांगून खर्चात धरा.”

पुढच्या वर्षी देव निघायच्या दिवशी ओटा भरला. योगायोगाने बुधवार होता. आप्पांची दाढी नुकतीच झालेली, मिशीला जास्तीचं तेल. प्रकाशराव गुळगुळीत आणि गंभीर. मी आकडे वाचले. आप्पांची एक दाढी अडीच रुपयांना पडली होती, जावयांची वीसच्या पुढे. शिवप्पांनी टाळी वाजवली. कांबळे सर म्हणाले, “प्रकाशराव, मिशीला खोबरेलच लावा, बाकी तेलं चिकट असतात.”

प्रकाशरावांनी हातातला चहाचा कप वर केला. “वहिनी, आणि हा?”

शिवप्पांनी आपला कप हळूच खाली ठेवला, जणू त्याच्याशी आपला काही संबंध नाही.

सर म्हणाले, “हा पाहुणचार आहे. दाढीचा खर्च कसा होईल?”

“दाढीमुळे जे जे लागेल ते, असं ठरलं होतं,” प्रकाशराव म्हणाले. बोलल्यावर त्यांनी आप्पांच्या मिशीकडे पाहिलं आणि ते जरा कावरेबावरे झाले.

आप्पा माझ्याकडे वळले. “सूनबाई, तू सांग. दाढी नसती तर ही दोघं आली असती का?”

मला टाळता आलं असतं. पण सोमवारी कोणी यायचं नाही, मंगळवारी नाही, गुरुवारी नाही. बुधवार-शुक्रवारी मात्र मी लिटरभर दूध जास्त घेत होते. दोन फेऱ्या चहाच्या, वर बशीभर चिवडा.

“नसती आली, आप्पा.”

“मग धर.”

मी धरलं. आप्पांची एक दाढी पन्नास रुपयांच्या वर गेली.

“आप्पा, राहू द्या हो,” प्रकाशराव उठूनच उभे राहिले. “गंमत होती. मी वाढवतो मिशी, मी हरलो.”

“बसा. देव करार पाळून नळदुर्गाला निघालाय, आणि म्या मोडू व्हय?”

त्यांनी स्वतःच फेस केला, स्वतःच लावला. पहिल्यांदाच पट्ट्यानंतरचा ‘हां’ आला नाही. उजवी बाजू गेली, मग डावी. सर दुसरीकडे बघत होते. तोंड धुऊन आप्पांनी टॉवेल बाजूला केला तेव्हा तिथे एक लहान, गोरटेला, थोडा घाबरलेला वरचा ओठ होता. तो घरातल्या कोणीच कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन बाहेर आल्या. दारातच थबकल्या, पदर सावरला आणि मला विचारलं, “कोन पावनं आल्यात?”

आप्पा म्हणाले, “अगं म्याच हाय.”

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं, जवळ जाऊन नीट पाहिलं. “आमच्या बापाला ह्ये दाखवलं असतं तर त्यानं सोयरीक केली नसती,” म्हणाल्या आणि दाराच्या चौकटीला धरून हसायला लागल्या. त्या अशा हसलेल्या मी आधी पाहिल्या नव्हत्या. मग आप्पा हसले, मग शिवप्पा, आणि प्रकाशरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते हसण्याचं होतं की कशाचं हे त्यांनाच ठाऊक. देवाच्या पालखीला आम्ही धावतपळत पोचलो. वाटेत तिघांनी आप्पांना ओळखलं नाही, उलट त्यांनाच ‘मिशीवाल्या आप्पाचं दुकान’ विचारलं, आणि आप्पांनी त्या तिघांनाही स्वतःच्याच दुकानाचा पत्ता सांगितला.

मिशी उन्हाळ्यापर्यंत पुन्हा आली. आणखी एक गोष्ट झाली. पाडव्याला प्रकाशराव आले तेव्हा त्यांनाही मिशी होती. जिंकलेल्या माणसाने का वाढवली, हे आप्पांनी विचारलं नाही. खोबरेलाची बाटली फक्त पुढे सरकवली.

आप्पा गेले त्याला आता तीन हिवाळे झाले. झोपेत गेले, गुरुवारी, आदल्या दिवशीची दाढी ताजी असताना. पितळी रेझर प्रकाशरावांनी मागून घेतला. इकडे आले की ते खिडकीच्या गजाला आरसा टांगतात, तांब्या उन्हात ठेवतात आणि पट्ट्यानंतर ‘हां’ म्हणतात. पुण्यात कोणता वार पाळतात ते मी विचारत नाही. महेश ट्रिमर वापरतो. दोन मिनिटांत मोकळा होतो, गल्लीला काही ऐकू येत नाही.

तरी बुधवारी आणि शुक्रवारी शिवप्पा आणि कांबळे सर येतातच. ओट्यावर रिकाम्या गजाकडे तोंड करून बसतात. सर म्हणतात, “देव सुटले बिचारे.” शिवप्पा म्हणतात, “हौदू.” मी दोन फेऱ्या चहा आणि बशीभर चिवडा देते.

गेल्या महिन्यात महेशने माझी यादी चाळली. “घरात ट्रिमर आहे,” तो म्हणाला, “मग ‘दाढी’च्या सदरात एवढा खर्च कसला?”

“दूध, साखर, पत्ती,” मी म्हटलं. “आणि चिवडा संपलाय, येताना आण. उद्या शुक्रवार आहे.”