थप्पीसाहेब

थप्पीसाहेब कोणत्याही खुर्चीवर थेट बसत नसत. आधी ती उचलायची, उलटी करायची, पायांची रबरी बुचं चाचपायची, मग सरळ ठेवून तिच्यावर बसायचं. आमचे मालक अण्णा, त्यांच्या पुतणीचा साखरपुडा भूगावच्या एका मंगल कार्यालयात होता. तिथे त्यांनी पहिल्या रांगेतली, पांढरं कापड आणि जांभळी फीत बांधलेली खुर्ची अशीच उलटी केली. मुलाकडच्यांना वाटलं काही हरवलंय. दोघं-तिघं वाकून शोधायलाही लागले. साहेबांनी खुर्ची सरळ केली, फीत नीट केली आणि शेजारच्या गृहस्थांना सांगितलं, "बसा, पण टेकू नका." ते गृहस्थ मुलाचे मामा होते. सगळा कार्यक्रम त्यांनी ताठ बसून पाहिला.

पौड रस्त्याला, भूगावच्या पुढे, अण्णांच्या शेतात पत्र्याची शेड आहे. शाळा आणि कार्यालयांसाठी एकावर एक रचता येतील अशा खुर्च्या तिथे तयार होतात. लोखंडी नळीचा सांगाडा, त्यावर प्लास्टिकची बैठक आणि पाठ. माल किती आला, किती गेला, गाडी कधी भरायची, हे माझ्याकडे. खुर्ची कशी असावी, हे साहेबांकडे होतं. ते मूळचे अमरावतीचे. याच विषयातलं रीतसर शिक्षण झालेलं, मोठ्या कंपन्यांत काम केलेलं, तिथे कुणाशी पटलं नाही म्हणून आमच्याकडे आलेले. आमच्याकडे पटत होतं असं नाही. पण आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं.

नाव त्यांना शेडमधल्या माणसांनी दिलं, आणि ते त्यांना अजिबात आवडत नसे. "थप्पी पोत्यांची असते. खुर्च्यांची चळत म्हणा," असं ते रोज कुणाला तरी सांगत. आमची माणसं आजूबाजूच्या वाड्यांमधली, भातशेती करणारी. त्यांच्या तोंडात थप्पीच. वेल्डिंगवरचे धोंडिबा तर मुद्दाम विचारायचे, "सायेब, थप्पी कुटं लावू?" साहेब म्हणायचे, "चळत." धोंडिबा म्हणायचे, "व्हय. चळतीची थप्पी कुटं लावू?"

साहेबांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आता ते मीच गिऱ्हाइकांना सांगते: "माणूस खुर्चीवर दोन तास बसतो. उरलेला दिवस खुर्ची खुर्चीवर बसते. आपण दोघांचंही बघायचं." बसणाऱ्याचं सगळे बघतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मऊ आहे का, रंग कसा, पाठीला टेकू मिळतो का. पण कार्यक्रम संपल्यावर या सगळ्या खुर्च्या कुणीतरी उचलणार आहे, रचणार आहे, उद्या पुन्हा सोडवणार आहे. एकीत एक अडकली, पाय खरवडले, ओढताना बोट चेंबलं, तर ती खुर्ची नापास. पौडच्या तहसील कचेरीत एकदा त्यांच्याबरोबर जावं लागलं. तिथला खुर्च्यांचा ढीग दोरीने खांबाला बांधलेला दिसला. साहेब आपलं काम विसरून त्या दोरीकडेच बघत राहिले. परत येताना म्हणाले, "दोरी लागते तिथे समजायचं, कुणीतरी आपलं काम अर्धं टाकून गेलं."

अण्णांना त्यांचं हे बोलणं आवडायचं, पण तसं दाखवायचे नाहीत. एकदा साहेब समजावत होते की उतरंडीत मोठं मडकं खाली आणि लहान वर. खुर्च्यांत तसं चालत नाही. कुठलीही खाली जावी, कुठलीही वर यावी, सगळ्या एकसारख्या. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग आमच्या भावकीत ही खुर्ची चालायची न्हाई." सगळी शेड हसली. अण्णा स्वतः हसले नाहीत, कारण त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या दोघा भावांना शेडखालची सामायिक जमीन बिल्डरला द्यायची होती. आजूबाजूची भाताची खाचरं केव्हाच गेली होती, जाळीच्या कुंपणाला लागून सात मजले उभे राहिले होते. भावांनी अण्णांना दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर शेडकडे मोठं, कायमचं काम आलं तर ठीक. नाहीतर सह्या करायच्या.

ते काम आलं नेऱ्याकडच्या एका नव्या शाळेचं. लहान मुलांची शाळा, मोठं सभागृह. रोज प्रार्थनेनंतर खुर्च्या रचून बाजूला ठेवायच्या. हे नीट झालं तर शाळेच्या इतर इमारतींचं कामही आमचंच. साहेबांनी त्यासाठी नवी खुर्ची आखली. हलकी, कडा गोल, आठांची चळत होईल अशी. चार खुर्च्या त्यांनी स्वतः रचून पाहिल्या. आठांची चळत वेगळी पाहायची गरज त्यांना वाटली नाही, कारण तयार माल भिंतीशी तसाच उभा होता. उंच, ओळीत, देखणा. येता-जाता ते त्याच्याकडे बघत. मी गाडी ठरवली, शाळेला वेळ कळवली.

गाडी आली त्या दिवशी भिंतीकडची जागा अडली. अण्णांच्या घरचं नवं भात झोडून आलं होतं आणि पोती आत घेतली जात होती. म्हणून धोंडिबांनी खुर्च्यांची एक चळत उचलून अंगणाच्या मधोमध ठेवली आणि ड्रायव्हरशी बोलत उभे राहिले. उभे राहताना त्यांनी एक गुडघा पुढून त्या चळतीला लावला होता. सहज, जसं आपण उघडं दार पायाने धरून ठेवतो.

साहेब माझ्याशी बोलत होते. बोलता बोलता थांबले.

"धोंडिबा, गुडघा काढा."

"सायेब, पडंल की."

"काहून पडते?" साहेब रागावले की अमरावतीची भाषा बाहेर यायची.

"पुडं कलंडती ना. म्हनून तर आमी तोंड भितीला लावतो." धोंडिबांनी आत रचल्या जाणाऱ्या पोत्यांकडे हात केला. "समद्याच थप्पीचं तोंड भितीला."

तेव्हा आम्हाला कळलं. इथे भाताची पोती रचताना शिवलेलं तोंड भिंतीकडे करतात. दोरा उसवला तरी दाणा बाहेर सांडत नाही. तीच रीत माणसांनी खुर्च्यांना लावली होती. गुडघे येतात ती बाजू, म्हणजे खुर्चीचं तोंड, भिंतीकडे. ही नवी खुर्ची रचताना दर वेळी जराशी पुढे सरकायची. आठवी ठेवेपर्यंत सगळा भार पुढे गेलेला असायचा. पण पुढे भिंत होती. चळत भिंतीला टेकून उभी असायची आणि साहेबांना तिच्या पाठी दिसायच्या. धोंडिबांना यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. थप्पी भिंतीलाच लावायची असते. साहेब रोज तो शब्द दुरुस्त करत होते. त्या शब्दाबरोबर आलेली रीत त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"काढा," साहेब पुन्हा म्हणाले.

धोंडिबांनी अण्णांकडे पाहिलं आणि गुडघा काढला. चळत क्षणभर थांबली, मग सबंधच्या सबंध पुढे आली. ड्रायव्हर मागे सरला म्हणून वाचला. वरची खुर्ची जिथे आपटली तिथपासून चळतीच्या पायापर्यंत एखादं पहिलीतलं मूल सहज उभं राहिलं असतं. सगळे त्याच जागेकडे बघत होते.

अण्णा म्हणाले, चारच रचा म्हणून शाळेला सांगू, भिंतीवर तशी पाटी लावायला सांगू, गाडी भरा. साहेब म्हणाले, शिपायाचा हात पोचेल तिथवर तो रचणार, पाटी कोण वाचतो. अण्णा म्हणाले, दिवाळी आठवड्यावर आली, भाऊ कागद घेऊन बसलेत. साहेब म्हणाले, ते मला माहीत आहे. आवाज कुणाचाच चढला नव्हता. माणसं हातातल्या खुर्च्या हातातच धरून उभी होती. खाली ठेवाव्यात की गाडीत चढवाव्यात, ते कळत नव्हतं.

साहेबांनी फोन काढला आणि आमच्या सगळ्यांसमोर शाळेच्या मुख्याध्यापिकेला लावला. सांगितलं की खुर्चीत दोष आहे, दोष माझ्या आखणीत आहे, आज माल येणार नाही. पलीकडून काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ते म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी खुर्च्या सभागृहात हव्यात. नाहीतर त्या दुसरीकडून घेणार."

अण्णा त्यांच्या अगदी जवळ गेले. "गिऱ्हाईक माजं हाय. मला न इचारता तुमी त्याला फोन लावला. हितं तुमचं काम संपलं."

"संपलं," साहेब म्हणाले. "पण आधी खुर्ची सरळ करतो, मग जातो."

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. काढून टाकलेला माणूस रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा, आणि काढून टाकणारा त्याला चहा पाठवायचा. पण दोघं एकमेकांशी बोलत नसत. बोलणं माझ्यामार्फत. दोघांमध्ये अंतर किती, तर एका टेबलाचं. "ताई, सायबांना इचारा, नळी पुरंल का." "ताई, अण्णांना सांगा, पुरेल, पण वाकवायचं यंत्र सकाळचं मोकळं पाहिजे." मी दोन्ही बाजूंना मान वळवून निरोप देत असे. पहिले दोन दिवस माणसांना हसू येत होतं, मग ते बंद झालं. भावांनी शाळा उघडेपर्यंत कागद थांबवायचं कसंबसं कबूल केलं होतं. भातकापणीचे दिवस होते. माणसं आपापलं खाचर उरकून दुपारनंतर यायची. कुणी सुट्टी मागितली नाही, कारण शेड गेली तर पुढच्या दिवाळीला कुठे असू, हे प्रत्येकाला माहीत होतं.

साहेबांनी पाठ दोन बोटं मागे नेली, म्हणजे वरच्या खुर्चीला पुढे सरकावं लागणार नाही. पहिल्या खेपेला ती जास्तच मागे गेली आणि चळत मागे झुकायला लागली. अण्णांनी लांबून पाहिलं. "ताई, सायबांना इचारा, आता कुनाच्या अंगावर पाडनार?" हा निरोप मी दिला नाही, द्यायची गरजही नव्हती. साहेबांनी तो सांगाडा बाजूला ठेवला आणि मागच्या पायांचा कोन बदलून पुन्हा सुरुवात केली. लक्ष्मीपूजनाला माणसं घरी गेली. साहेब अमरावतीला गेले नाहीत. त्या दिवशी मी फराळाचा डबा घेऊन गेले तेव्हा त्यांनी चकली हातात घेतली आणि म्हणाले, "गिऱ्हाइकाला मालकाच्या आधी सांगितलं, ही एक चूक. खुर्ची ही दुसरी. एकाच जागी दोन चुका झाल्या की माणसाने जागा बदलावी." मी म्हटलं, अण्णा रागात बोलले. ते म्हणाले, "बरोबर बोलले."

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, तयार झालेल्या नव्या मालातल्या आठ खुर्च्या अंगणाच्या मधोमध रचल्या. चारही बाजूंना मोकळी जागा. भिंतीपासून लांब. अण्णा स्वतः पुढे आले, पंचा खांद्यावर टाकला आणि त्यांनी चळतीला पुढून रेटलं, मग मागून. मग बाजूने खांदा लावला. ती हलली, कुरकुरली आणि पुन्हा आपल्या जागी येऊन उभी राहिली. धोंडिबा तिच्यासमोर जाऊन बसले, अगदी पायाशी, मांडी घालून. कुणी त्यांना उठवलं नाही.

अण्णा चळतीकडेच बघत म्हणाले, "ताई, सायबांना सांगा, जायची काय घाई न्हाई."

मी वळले. साहेबांनी ऐकलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते थेट अण्णांशी बोलले. "अण्णा, आधी गाडी भरू."

सकाळी गाडी निघाली तेव्हा साहेब ड्रायव्हरशेजारी बसले. सभागृहात खुर्च्या आपण स्वतः लावून देतो म्हणाले. त्यात वेगळं काही नव्हतं. संध्याकाळी ड्रायव्हर एकटाच परत आला आणि त्याने सांगितलं. साहेबांनी सगळ्या खुर्च्या रांगेत लावल्या, शिपायाला बोलावून त्याच्याकडून चळत करवून घेतली, ती सोडवायला लावली, पुन्हा करवून घेतली. मुख्याध्यापिका येऊन बघून गेल्या. मग साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं, अमरावतीची गाडी कुठून मिळेल. त्यांची पिशवी सकाळपासून सीटखाली होती. ड्रायव्हरने खिशातून किल्ली काढली. साहेब अण्णांच्या घरावरच्या खोलीत भाड्याने राहत, त्या खोलीची.

अण्णांनी ती हातात घेतली नाही. "काय म्हनाले?"

"काय न्हाई. म्हनले, अण्णांना सांग, चळत उबी हाय."

शाळेच्या बाकीच्या इमारतींचं काम आम्हाला मिळालं. भावांनी कागद गुंडाळून ठेवले. फाडले नाहीत, पण काढतही नाहीत. साहेब आता अमरावतीलाच काहीतरी करतात. मी फोन केला तर खुर्चीचं विचारतात, धोंडिबांचं विचारतात. अण्णांचं विचारत नाहीत, आणि मी फोन ठेवेपर्यंत अण्णा माझ्या टेबलाजवळून हलत नाहीत.

किल्ली माझ्याकडे आहे. हिंजवडीत नोकरी लागलेली मुलं दर महिन्याला खोली विचारत येतात, कारण भूगावात आता भाड्याने काही मिळत नाही. ती मला विचारतात, मी अण्णांकडे बघते. अण्णा मान वर करत नाहीत.

"ताई, त्यांना सांगा, त्या खोलीत मानूस हाय."