ज्वारीतून दाखवलेला रस्ता

पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी दहावीचे नकाशे तपासत होते. वर्गात निम्म्या मुलांनी गोदावरी उलट्या दिशेनं वाहायला लावली होती. मैत्रीण म्हणाली, "आम्ही आठ जणी जानेवारीत तुमच्याकडं येतोय, जाड टायरच्या सायकली घेऊन. डांबर अजिबात नको. मुरूम, माती, गाडीवाटा, असलं पाहिजे. ईटला सुरुवात, सोनारीला भैरवनाथापाशी शेवट. मधलं तू शोधून ठेव."

मी लगेच हो म्हणाले. वीस वर्षं भूमला भूगोल शिकवते. गुडघ्यासाठी घेतलेली माझीही जाड टायरची सायकल आहे, तिच्यावर रविवारी सकाळी माळावर जाते. आपल्याच भागातून वाट काढायला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं.

पहिल्याच रविवारी चुकले. ईटच्या पुढं माळ सुरू होतो. दम लागेल असा चढ कुठंच नाही, जमीन नुसती हळूहळू वर जाते आणि कळायच्या आत खाली उतरते. प्रत्येक उतार मागच्यासारखाच दिसतो. खाली ओढा, चार बाभळी, एक विहीर, पलीकडं पुन्हा मुरमाची वाट. जिथं वाट फुटायची तिथं कुणाला तरी विचारायचे आणि उत्तर एकच यायचं, "सरळ जावा." वाटेचे तीन फाटे समोर असताना सरळ म्हणजे कोणता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एका शेळ्या राखणाऱ्या बाईपाशी मी तासाभरात तीनदा आले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बाई, तुमचं काय हरवलंय का?"

अशीच चुकत एका वस्तीवर पोचले. तिथं खव्याची भट्टी होती. साठी ओलांडलेले एक गृहस्थ कढईत दूध घोटत होते. मी विचारलं, "मामा, ही वाट पुढं जाते का?"

"जात होती," ते म्हणाले आणि उलथणं हातातच ठेवून उठले. समोर ज्वारीचं रान होतं, पीक तेव्हा गुडघ्याएवढं. "धाकट्या भावाचं रान हाय. वाट मोडून पेरलं त्येनं. आता तुमी आसं करा, बांधावरनं जावा. पलीकडं हिरीपाशी मुरूम लागंल."

मी बांधावरून गेले. निम्मं अंतर सायकलवर, निम्मं ढकलत. विहिरीपाशी खरंच मुरमाचा रस्ता लागला आणि तिथून पुढं सगळं सोपं झालं. मोबाईलवर सगळा प्रवास आपोआप नोंदला जात होता. घरी येऊन मी तो मैत्रिणीला पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी खात्री करायला परत गेले. ज्वारी आता माझ्या डोक्याच्या वर गेली होती, बांध दिसतच नव्हता. म्हणून मोबाईल उघडला, तर नकाशात भट्टीपासून विहिरीपर्यंत रानाच्या मधून सरळ रेघ होती आणि रेघेवर 'शेतरस्ता' असं लिहिलेलं होतं. मागच्या वेळी ही रेघ नव्हती. की होती आणि मी बघितली नाही? मी मोबाईल गोल फिरवून पाहिला, स्वतःही फिरले. समोर नुसती ज्वारी.

मामा मागं येऊन उभे होते. त्यांनी माझ्या हातातला मोबाईल बघितला.

"म्या सांगत न्हवतो? सरकारी नकाशात हाय!"

"हा सरकारी नाही, मामा."

"नकाशा तर हाय ना? चला."

मला काही सुचायच्या आत ते मला बांधाबांधानं धाकट्या भावाच्या घरी घेऊन गेले. धाकटा भाऊ अंगणात पाण्याची मोटर खोलून बसला होता. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. मोबाईल या हातातून त्या हातात फिरला. धाकटा म्हणाला, "हितं वाट कंदीच न्हवती. म्या जल्मापासून बघायलोय."

"तुझ्या जल्माच्या आधीची हाय," थोरले म्हणाले.

मग दोघेही माझ्याकडं बघायला लागले. धाकट्याची बायको म्हणाली, "म्याडम भूगोल शिकवित्यात. त्येच सांगतील."

वीस वर्षं मी वर्गात सांगत आलेय की नकाशावर विश्वास ठेवायला शिका. माझ्या तोंडून निघून गेलं, "नकाशात आहे म्हणजे असेल."

थोरल्यांचा चेहरा उजळला. धाकट्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि पुन्हा मोटरकडं वळला.

संध्याकाळी मैत्रिणीला फोन लावला. "ती रेघ कुठून आली?"

"तूच पाठवलीस की. सायकलवाल्यांचा तो खुला नकाशा असतो ना, कुणालाही भर घालता येते, त्यात मी भरली. जरा वेडीवाकडी होती, सरळ केली."

"पण शेतरस्ता कसं लिहिलंस? मी बांधावरून गेले होते."

"मग काय लिहायचं? तू गेलीस ना तिथून?"

मी तिथून गेले हे खरं. तिथं रस्ता नाही हेही खरं. पण रस्ता नाही असं तरी मी कशावरून म्हणते? तीन आठवड्यांपूर्वी तर थोरल्यांच्या शब्दावर मी वाट होती असंच धरून चालले होते. मैत्रिणीला एवढंच म्हणाले, "ती रेघ काढून टाक." ती बरं म्हणाली.

गुरुवारी थोरले शाळेत आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी एक रंगीत कागद काढला. रेघ पुसली जायच्या आधीच कुणाकडून तरी त्यांनी तो नकाशा छापून घेतला होता, सोबत रस्ता खुला करून मिळण्यासाठी तहसीलचा अर्ज होता. त्यात 'हा रस्ता मी प्रत्यक्ष पाहिला आहे' असं लिहून खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली होती.

मी त्यांना खुर्ची दिली आणि खरं ते सांगितलं. "मामा, ही रेघ माझीच आहे. मी बांधावरून गेले, तीच त्यात उमटली."

"व्हय, तुमचीच," ते शांतपणे म्हणाले. "तुमी गेलाव की. म्हंजी वाट हाय."

मैत्रीण जे बोलली तेच. मी कागद त्यांच्याकडं परत सरकवला. म्हणाले, "मला सही करता येणार नाही."

"का?"

"मला माहीत नाही म्हणून."

त्यांनी कागदाची काळजीपूर्वक घडी घातली. "शिकलेल्या मानसानं आसं म्हणावं?" एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले. मी पुढचा तास कोणत्या वर्गावर घेतला ते आठवत नाही.

रविवारी धाकट्याकडं गेले. 'असेल' म्हणाले ते चुकीचं होतं, रेघ माझीच होती आणि आता ती काढली आहे, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग तुमी गेलाव कुटून?"

"बांधावरून. उजव्या अंगानं."

"बांधावरनं दादा रोज जातो, चाऱ्याचा भारा घिऊन. म्या कंदी न्हाय म्हणलं न्हाय. त्याला दुधाचा टेम्पो आणायचाय. टेम्पोला दहा फूट लागत्यात, म्याडम. दहा फूट रान म्या कुटून आणू?"

ओसरीत त्यांची आई बसली होती, ऐंशीच्या पुढची. शेंगा सोलता सोलता ती मधेच म्हणाली, "माजी लग्नाची गाडी ह्यातूनच आली की."

मी तिच्याजवळ सरकले. "या रानातून, आजी?"

"ह्यातूनच." तिचा हात थांबला. "का वड्यानं आली? वड्यानं आली आसंल. बैलं पाण्याला थांबली हुती. पर पानी तर हिरीपाशी बी हुतं..." ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. "डोक्यावर पदर हुता बाई. मला कुटं दिसतंय?"

धाकट्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. आम्हा दोघांनाही पुढं काही विचारावंसं वाटलं नाही.

जानेवारीच्या शेवटी त्या आठ जणी आल्या. मी त्यांना ते रान टाळून ओढ्यानं नेलं. गोटे होते, सायकली खांद्यावर घेऊन उतरावं लागलं, दोघींचे बूट भिजले. सगळ्या खूश होत्या. एकीनं विचारलं, "हाच जुना रस्ता का?" मी म्हणाले, "कोण जाणे." तिला ती चेष्टा वाटली, ती हसली. सोनारीत देवळासमोर माकडांनी आमचे चिक्कीचे पुडे पळवले आणि सगळ्या दिवसात त्याचाच गवगवा झाला. पुण्याला जाऊन मैत्रिणीनं कळवलं की तिच्या ओळखीतला सगळ्यात सुंदर मार्ग हाच आहे.

ज्वारी निघाल्यावर मार्चमध्ये एकटीच गेले. रान मोकळं झालं होतं, कणसं मोडून नेलेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या केलेल्या. मोकळ्या रानातून तिरप्या दोन चाकोऱ्या गेल्या होत्या, भट्टीकडून विहिरीकडं. मी थांबून बघत होते. धाकटा कडबा भरत होता, त्यानं हाक मारली, "जावा की म्याडम, आता मोकळं हाय."

"या चाकोऱ्या कुणाच्या?"

"दादाच्या टेम्पोच्या."

"तुम्ही जाऊ दिलं?"

"रान रिकामं आसताना कोन आडवतंय?"

"आणि पेरल्यावर?"

त्यानं पेंढी गाडीत टाकली. "पेरल्यावर बगू."

तहसीलात अर्ज दिला की नाही, ते मी विचारलं नाही. भट्टीवर गेले तर थोरले कढईपाशीच होते. बस म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी पळसाच्या पानावर गरम खवा दिला. मी उभ्यानंच खाल्ला. त्यांनी राग सोडलाय की नुसती आल्यागेल्याची रीत पाळलीय, ते त्यांच्या तोंडावरून मला वाचता आलं नाही. मी विचारलं, "मामा, इथून भूमला जवळची वाट कोणती?"

त्यांनी हात केला आणि म्हणाले, "सरळ जावा."