शेवट न पाहिलेले पिक्चर

आमच्या गावच्या बायकांनी टॉकीजमध्ये पाहिलेल्या एकाही पिक्चरचा शेवट त्यांना माहीत नव्हता. कारण एस.टी.चं होतं. पांढरकवड्याला तीनचा खेळ सुटायच्या आधीच आमच्या गावाची शेवटची गाडी निघून जायची. ती चुकली तर मुक्काम पडे, आणि बाईमाणसानं पिक्चरपायी मुक्काम केला की पुढचे सगळे बाजार बंद. म्हणून पडद्यावर मारामारीला रंग चढला की आमची अख्खी रांग उठायची. पिशव्या, भाजी, बाजारात घेतलेल्या चपला सांभाळत आम्ही लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढायचो. मागचे ओरडायचे. आम्हाला त्याची सवय झाली होती.

घड्याळ कोणाजवळच नव्हतं. पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, आमच्याकडे कापूस वेचायला येणारी एक म्हातारी होती, वेळेचं खातं तिच्याकडे. टॉकीजच्या भिंतीत पंख्यासाठी ठेवलेल्या भोकातून उन्हाची तिरीप आत यायची. ती सरकत पडद्याच्या काठाला लागली की म्हातारी म्हणायची, "चला व." हिरोच्या छातीवर सुरी टेकलेली असली तरी, "चला व."

शेवट दुसऱ्या दिवशी वावरात ठरायचा. वेचताना प्रत्येकीनं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडांची, एकेक पात धरलेली असे, कमरेला कापसाची ओटी. माझ्या काकूची पात कायम मधली, कारण तिचा आवाज दोन्हीकडे पोचला पाहिजे. जिथं आम्ही उठलो तिथून काकू पुढं सांगायची. हिरोची बेडी कशी तुटली, आईला कोणी सोडवलं, पोलीस कोणत्या रस्त्यानं आले, सगळं. दोन्ही बाजूंनी हरकती यायच्या.

"पोलीस इतक्या लौकर कसे आले व काकू? त्याहीले कोन सांगतलं?" शेजारची वहिनी विचारायची. हिला प्रत्येक गोष्टीत शंका.

"त्याच्या बहिनीनं."

"बहीन त मेलती नं!"

"मेली नव्हती. बेसुद होती. तू तवा शेंगा सोलून राह्यलती, तुले काय दिसते?"

टीव्हीवरच्या मालिकांची वेगळी तऱ्हा. भारनियमनात त्यांचा मधला भाग जायचा. सासूनं चहात काही मिसळलेलं असायचं, वीज जायची, आणि वीज यायची तेव्हा तीच सासू देवळात प्रसाद वाटत असायची. तेही वावरात भरून काढावं लागे. गणपतीत एक सीडीवाला यायचा, पण तोही विजेच्याच भरवशावर.

एकदा या पद्धतीनं मोठा घोटाळा झाला. एका पिक्चरमधला दीर आमच्या बायकांना फार आवडला होता. भावजयीला बहिणीसारखा जपणारा. सगळा हंगाम त्याचं कौतुक चाललं, वहिनीच्या नवऱ्याला त्याच्या नावानं टोमणे बसले. मग वणीहून कोणाची तरी लेक माहेरपणाला आली. तिनं पिक्चर पूर्ण पाहिला होता. म्हणाली, खून त्या दीरानंच केलेला असतो. पोडावरच्या म्हातारीनं ओटी झाडली आणि म्हणाली, "आपन त नाई पाह्यला नं. आपल्यापुरता थो चांगलाच हाय." तो दीर आमच्या गावात आजही चांगला आहे.

मला हे सगळं पटायचं नाही. आमच्या घरात वर्तमानपत्र येत नसे, पत्रकं येत. वडील शेतकऱ्यांच्या मोर्च्यांमधून पिवळ्या-गुलाबी कागदांचे गठ्ठे आणायचे. मी अक्षरं त्यांवरच शिकले. 'जोडाक्षर' हा शब्द कळायच्या आधी मला 'संघर्ष' लिहिता येत होता. त्यामुळे पिक्चर पाहताना मी एकच गोष्ट शोधत बसायचे, हा कोणाच्या बाजूनं बोलतो आहे? बहुतेक वेळा तो कोणाच्याच बाजूनं बोलत नसे आणि मी चिडून परत यायचे. बायका हसायच्या. वहिनी म्हणायची, "हिले हिरो नोको, पुढारी पायजे."

ही गोष्ट घडली त्या साली मी बारावी होऊन घरी होते. पावसानं ऐन पात्यावर, कपाशीला कळ्या धरायच्या वेळी, दडी मारली होती, आणि मग जी बोंडं लागली त्यांत अळी निघाली. एक पात संपली तरी ओटी भरत नव्हती. किडक्या बोंडातून कापूस निघता निघत नाही, बोटं मात्र फाटतात. मोर्चे निघत होते, वडील जात होते, पत्रकं येत होती. पण लोक थकले होते. मीही थकले होते, मात्र अठराव्या वर्षी ते कबूल करायची सोय नव्हती.

आमच्या भिंतीला भिंत लागून काकूचं घर. संक्रांतीच्या आधी काकांनी सांगून टाकलं की नागपूरला एका इमारतीवर चौकीदाराची जागा आहे आणि तिथंच खोलीही मिळते. संक्रांत झाली की सगळ्यांनी जायचं. काकू, काका आणि सातवीतली त्यांची मुलगी. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, द्यायचं, घराला कुलूप लावायचं. काकू हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. "पाहू," एवढंच. मी मात्र तिला रोज ऐकवत होते. गाव सोडणं म्हणजे हार, आपण गेलो की वावरं कोणाच्या घशात जातील, वगैरे. सगळं बरोबर होतं. ती मान डोलवायची आणि वेचत राहायची.

नेमका तेव्हाच टॉकीजला कापूसवाल्यांचा पिक्चर लागला. पोस्टरवर बैलबंडी, कापसाचा ढीग आणि ढिगावर बसलेली हिरॉईन. आमच्या धंद्यावर पिक्चर निघाला म्हटल्यावर कोण थांबतं? बाजाराच्या दिवशी एस.टी. भरून आम्ही गेलो.

सुरुवातीला बायकांनी त्याची पार सालटी काढली.

"ओटी पाह्यली का तिची? पाठीवर बांधली व माय! कापूस का मांगून तोडते का ही?"

"एवढ्या उनात डोक्यावर फडकं नाई. चक्कर येन तिले."

"नाई येत. पंखा लावला असन वावरात."

पुढं मात्र रांग शांत होत गेली. पिक्चरमधला माणूस बायकोपोरांना घेऊन शहरात जातो. गणवेश घालून मोठ्या फाटकापाशी उभा राहतो, गाडी आली की सलाम करतो. त्याची बायको जिन्याखालच्या खोलीत स्वयंपाक करते, आणि गावाकडच्या घराची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असते. हे लोक परत जातात की नाही, एवढाच पिक्चरचा प्रश्न होता. काकू माझ्या शेजारी बसली होती. तिच्या हातातल्या शेंगा तशाच होत्या.

तिरीप काठाला लागली. "चला व," म्हातारी म्हणाली. सगळ्या उठल्या, काकू उठली नाही. वहिनीनं आणि मी दोन्ही दंडांना धरून तिला उठवलं, तेव्हा ती दारापर्यंत मान मागं वळवूनच चालली.

एस.टी.त सगळ्या वाट पाहत होत्या की काकू शेवट जुळवायला लागेल. गाडीनं हायवे सोडला तरी ती बोलली नाही. मग तिनंच विचारलं, "वापस येते का व थे?"

आजवर तिला कोणी शेवट सांगितलाच नव्हता.

"सांग नं तू," वहिनी म्हणाली. "तूच त सांगत असते."

"हा मले नाई सांगता येत."

गाव आल्यावर उतरताना तिनं माझा हात धरला. पांढरकवड्याला माझी मावशी राहायची. तिला भेटायला म्हणून मुक्काम केला तर मला कोणी अडवणार नव्हतं. "तू जाय," काकू म्हणाली, "पुरा पाह्य. अन् जसा हाय तसाच सांगजो. तुया मनचं घालू नोको."

दुसऱ्या दिवशी मी गेले आणि पूर्ण पिक्चर पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा टॉकीजचे दिवे शेवटी लागताना पाहिले.

ते लोक परत येतात. काही वर्षांनी येतात. का येतात, ते सांगितलेलं नाही. कापसाला भाव मिळाला का, अळी गेली का, व्यापाऱ्याचं देणं फिटलं का, काहीच नाही. ढोल वाजतात, पाऊस पडतो, पऱ्हाटी डोक्याएवढी हिरवीगार, आणि सगळं गाव नाचतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमचं एक अख्खं साल त्यांनी एका गाण्यात गुंडाळून टाकलं होतं. मावशीच्या घरी मी जेवलेही नाही धड. डोक्यात त्या पिक्चरविरुद्धचं पत्रक तयार होत होतं, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत.

सकाळच्या गाडीनं आले ती थेट वावरात गेले. काकू मधल्या पातीवर होती. मी तिच्या बाजूची पात धरली आणि सांगायला सुरुवात केली. जसा होता तसा, पण माझा राग काही लपत नव्हता.

"वापस येते," मी म्हणाले. "पन सारं खोटं हाय काकू. मेळच नाई कायले. नुसतं नाचते."

"नाचू दे. काय काय दिसलं, थे सांग."

मी सांगितलं. ट्रकमधून उतरणं, ढोल, पाऊस.

"पऱ्हाटी डोक्याएवढी?" वहिनीनं विचारलं. "कोनतं बियानं म्हनावं? आपल्यालेही सांग."

"रंग देल्ला असन," म्हातारी म्हणाली.

सगळ्या हसल्या. काकू हसली नाही. "घर कसं होतं?" तिनं विचारलं.

"घर? होतं तसंच. कुलूप काढते अन् आत जाते."

"अंगन?"

मला आठवावं लागलं. "सारवलेलं होतं. रांगोळी होती. तुळस चांगली फुटलेली."

काकूचे हात थांबले. "इतके वर्स कुलूप, अन् अंगन सारवलेलं? कोनं सारवलं?"

"पिच्चर हाय काकू. त्याहीले काय समजते?"

"थे मले समजते. तू सांग, सारवनारी दाखवली का कोठी?"

"नाई."

"मंग कोनीतरी होतं." तिनं पुढच्या झाडाला हात घातला. "कोनीतरी मांगं राह्यलं होतं. पिच्चरवाल्याले थे दिसलं नाई, एवढंच."

यावर वहिनीलाही शंका काढता आली नाही.

दुपारी काका आमची बंडी घेऊन वेचलेला कापूस न्यायला आले. काकूनं त्यांना पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "तुमी जा नागपूरले. मी अन् पोरगी अठीच राह्यतो."

काकांनी तांब्या खाली ठेवला. "काहून? येकटी काय करशीन अठी?"

"वावर मीच वाहीन. घर उघडं राह्यलं पायजे."

"हे काय आता! पिच्चर पाहून ठरवलं का तू?"

"पिच्चर त खोटा हाय, ही पोट्टी सांगूनच राह्यली," काकू म्हणाली. "पन कुलूप लावलेल्या घरी वापस कोनी येते का हो? तुमीच सांगा. आपल्या गावात आलं का कोनी?"

गावात तशी कुलपं होती, आणि त्यांची अंगणं कशी झाली होती ते येता-जाता दिसत होतं. काकांनी कापसाचं गाठोडं बंडीवर टाकलं, बैल जुंपले आणि जाताना म्हणाले, "बरं. पाहू." आता 'पाहू' त्यांच्याकडे गेलं होतं.

मला वाटलं, आपण जिंकलो. ते गेल्यावर मी काकूला म्हणालेसुद्धा, की बरं केलं तू, जमीन सोडायचीच नाही, सगळ्यांनी असंच ठरवलं तर कोणाची हिंमत आहे. ती शिदोरीचं फडकं घडी करत होती.

"जमिनीसाठी नाई व माय," ती म्हणाली. "मले का तुयासारखं भांडता येते? थे गेले अन् तठी नाई जमलं, त यायले जागा पायजे. माह्या अंगात आता दोनदा घर लावायची ताकद नाई."

पत्रकात घालता येईल असं यात काहीच नव्हतं. त्या पिक्चरविरुद्धचं पत्रकही मी पुढं लिहिलं नाही. तो पिक्चर खोटा होता, हे माझं मत आजही कायम आहे. हल्ली सिनेमावर तावातावानं बोलणाऱ्या मित्रमैत्रिणींत मी बसते, दिग्दर्शकाची बाजू काय, त्यानं काय दाखवलं, काय दडवलं, यावर वाद घालते. पण दडवलेल्या बाईचा पत्ता कोणी विचारत नाही. मग मला बोलायचा कंटाळा येतो.

संक्रांतीनंतर काका एकटे गेले. त्यांना निरोप देऊन काकू घरी आली आणि माझ्या आईला हाक मारून आमच्या गोठ्यातलं शेण मागितलं. मीच पाटी घेऊन गेले. म्हटलं, आज मी सारवते. तिनं नको म्हटलं नाही, ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. अंगण मोठं होतं. निम्म्यावर यायच्या आत माझे खांदे भरून आले आणि मी हात टेकून थांबले. काकू उठली, माझ्या हातातला पोतेरा घेतला आणि उरलेलं अंगण सारवून काढलं, मधे न थांबता. मग पाय धुऊन पुन्हा पायरीवर येऊन बसली.

"आता कवा यायचं थे त्याहीचं त्याही पाहो," ती म्हणाली, आणि लेकीला दिवा लावायला सांगितलं.