वैदजींची लाल चिंधी

वैदजी केबलची नाडी पाहत. गंमत म्हणून सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. औजारखोलीच्या खिडकीत ते स्टुलावर बसत. केबलचं एक टोक डाव्या मुठीत धरून ते सगळी केबल उजव्या हाताच्या अंगठ्या-बोटांमधून सरकवत नेत, मग ती चाळीस फुटांची असो की शंभर. डोळे मिटलेले. वीतभर सरकवली की वाकवायची, सरळ करायची, पुढे जायचं. मध्येच थांबून त्यांनी मान तिरकी केली की बाहेर रांगेत उभ्या असलेल्या आमचा जीव खालीवर व्हायचा. शेवटी एक तर ते "ने" म्हणत, नाही तर खिशातून लाल चिंधी काढून केबलला बांधत. चिंधी बांधलेली केबल मोठ्या साहेबांनी मागितली तरी मिळत नसे. साहेबांनी मागून पाहिली होती, म्हणून सांगतो.

खरं नाव त्यांचं हजेरीपटावर असेल. ते तुमसरकडचे, घरची धानाची शेती, आणि वैदजी हे नाव एका पंजाबी वेल्डरने ठेवलं होतं. ते इतकं चिकटलं की गावाहून येणाऱ्या पत्रांवरसुद्धा पुढे तेच येऊ लागलं.

ते दिवसच वेगळे होते हो. भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. सकाळी जिथे नुसती मुरमाची जमीन पाहावी तिथे आठवड्याने खांब उभे. मी साकोलीकडून आलेला, सव्वीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. कॅम्प-एकमध्ये एका खोलीत आम्ही चौघे फिटर राहायचो आणि जेवतानाही खांब-तुळयांच्याच गोष्टी करायचो. विजेवर चालणारी ड्रिल पहिल्यांदा हातात धरली तो दिवस मला लग्नाच्या दिवसापेक्षा स्वच्छ आठवतो. काल-परवापर्यंत वखर धरणारे हात माझे, आणि त्या हातांखाली लोखंडातून चकचकीत कुरळे तुकडे निघून राहिले होते. बायकोला पत्रात लिहिलं, "आता लोखंडाले भोक पाडतो, तेही बसल्या बसल्या." तिने उलट टपाली विचारलं, "कावून पाडता?"

पण शेतातून आलेल्या माणसाची खोड शेतातलीच. आमच्या लेखी केबल म्हणजे दोर. रबराचा का असेना, दोर. मग आम्ही तिला गाठी मारायचो, तिच्यावर ओले गमछे वाळत घालायचो, आणि परांचीवरून ड्रिल खाली द्यायची असली की केबलला लटकवून सोडायचो, विहिरीत बादली सोडावी तशी. वर ओढायची तीही तशीच. प्लगची पिन तुटली तर उघड्या तारा सॉकेटात घालून वरून माचिसच्या काड्या ठोकायच्या. वैदजींनी हे एकदा पाहिलं आणि आमच्या अख्ख्या टोळीला उन्हात उभं केलं.

"दावं होय का बे हे?" ते म्हणाले. "दाव्याले बैल बांधतात. याच्या टोकाले जे बांधलं हाये ना, ते बैलापेक्षा आडदांड हाये, आन् दिसत बी नाही. बैल मारते तं माणूस दूर फेकला जाते. हे धरून ठेवते, सोडत नाही."

धरणं हा त्यांचा शब्द. विजेने धरलं की मूठ उघडत नाही, हे त्यांनी कुठेतरी आपल्या डोळ्यांनी पाहिलं असावं. कुठे, कोणाचं, ते कधी बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. पण एक वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत, "माया खिडकीतून गेलेल्या केबलीनं अजून कोनाले धरलं नाही." हे म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की विचारू नका. त्या माणसाची सगळी इस्टेट म्हणजे ते एक वाक्य होतं. ते खोटं पडू नये म्हणून त्यांचा एक नियम होता. सकाळी नेलेली केबल संध्याकाळी परत खिडकीत आलीच पाहिजे, मग ती एक भोक पाडून आलेली का असेना.

नाडी पाहून झाली की टॉर्चचा एक सेल आणि छोटा बल्ब घेऊन ते तिसरी तार तपासत. आम्हाला वाटायचं, दोन तारांवर ड्रिल फिरते, मग ही तिसरी हिरवी कशाला? ते म्हणत, "थे घरातली मोठी सून हाये. कोनाले दिसत नाही, काही बोलत नाही. पन मशीनच्या लोखंडात वीज उतरली तं तिले जमिनीत नेऊन सोडनारी थेच एक." एकदा कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन साहेबाने आपल्या ग्राइंडरची केबल कौतुकाने त्यांच्यापुढे धरली. बल्ब पेटला नाही. वैदजींनी शांतपणे तिलाही चिंधी बांधली. साहेब आधी हसला, मग त्याने प्लग उघडून आत पाहिलं, तिसरी तार सुटलेली होती, आणि खिडकीतून हात घालून वैदजींचा हात गदागदा हलवला. पुढे आठवडाभर आमच्या रांगेत दुसरा विषय नव्हता.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला अजून लाज वाटते, पण सांगतो.

एका लांबलचक शेडचं काम चाललं होतं. वर क्रेन फिरणार, तिच्या तुळयांना भोकं पाडून बोल्ट आवळायचे. एका टोकाकडून आमची टोळी, दुसऱ्या टोकाकडून पंजाबी मिस्त्रीची. मधल्या खांबाशी जो आधी पोचेल त्याने तिथे झेंडा लावायचा असं ठरलं होतं. पैज अशी अंगात भिनली होती की आम्ही पोळी हातात घेऊन परांचीवर खायचो. खिडकीच्या रांगेत वेळ जातो म्हणून मी एक शहाणपण केलं. केबल परत न करता तीन दिवस वर पेटीतच दडवून ठेवली. ड्रिल खाली-वर करायची ती अर्थातच केबलला लटकवून.

चौथ्या दिवशी सकाळी आमची अकरा भोकं राहिली होती आणि त्यांची सतरा. जिंकलोच होतो आम्ही. एवढ्यात ड्रिल अडखळायला लागली. फिरायची, थांबायची, परत फिरायची. खाली नव्या काँक्रीटला पाणी मारलेलं, सगळीकडे चिकचिक, आणि मी अनवाणी. केबल सोडवून घेतली आणि तसाच धावत खिडकीशी गेलो.

"दुसरी केबल द्या वैदजी, लवकर."

"साऱ्या गेल्या. तुई दाखव." त्यांनी माझी केबल घेतली आणि डोळे मिटले. ड्रिलकडच्या टोकापासून चार फुटांवर बोटं थांबली. मान तिरकी झाली. "तीन दिवस झाले. आनली कावून नाही?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी खिशातून चिंधी काढली.

"वैदजी, अकराच भोकं राहिली हो."

"बायका किती हाये तुले?"

"एक."

"तिले इचारून ये, अकरा भोकं पायजे का नवरा पायजे."

रांगेतले सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी केबल हिसकावली आणि त्यांच्यादेखत ती लाल चिंधी सोडून फेकून दिली. असं आजवर कोणी केलं नव्हतं. वैदजी उठले, मोठी कात्री घेतली आणि माझ्या हातातल्या केबलचे खटकन दोन तुकडे केले.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमचा मिस्त्री धावत जाऊन साहेबांना घेऊन आला. साहेब तापलेले. "किसके हुक्म से काटा? नौकरी नहीं करनी है क्या?"

"अपने हुक्म से काटा साहब," वैदजी म्हणाले. "खोल के देख लीजिए. ठीक निकला तो मैं आज ही तुमसर चला."

साहेबांनी खरंच सुरी मागवली. रबर उभं चिरलं. आत हिरवी तार तुटलेली होती, आणि तिचं ड्रिलकडचं टोक शेजारच्या विजेच्या तारेला टेकायला केसभर अंतर उरलं होतं, त्या तारेचंही रबर घासून गेलेलं आणि आतले निम्मे धागे तुटलेले, म्हणून ड्रिल अडखळत होती. म्हणजे आणखी एक हिसका बसला असता तर ड्रिलचं सगळं लोखंडच वीज झालं असतं, आणि मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरून ओल्यात उभा. साहेबांनी ते टोक सुरीच्या पात्यावर उचलून सगळ्यांना दाखवलं. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "इससे मशीन लटकाते थे?"

मधल्या खांबाशी पंजाबी टोळीचा झेंडा लागला. त्यांचा जल्लोष ऐकत मी केबलचे तुकडे गोळा केले. वैदजींचं वाक्य मी मोडणार होतो, आणि मोडायला माझाच जीव देणार होतो. दुसऱ्या दिवशी माझी बदली औजारखोलीत झाली. शिक्षा म्हणून मी मान खाली घालून गेलो. पुढे कळलं की वैदजींनीच साहेबांकडे मला मागून घेतलं होतं. "डोकं तापट हाये त्याचं," ते म्हणाले होते, "पन बोटं पातळ हाये."

मग सुरू झाली माझी शाळा. डोळे मिटून केबल सरकवायची. "डोये वरचं पायतात गजानन, भेग पोटात असते." रोज बोटांना खोबरेल तेल, घट्टे पडू द्यायचे नाहीत. पहिल्यांदा माझ्या बोटाखाली आतली तुटकी तार कचकन लागली तेव्हा मी स्टुलावरून उडीच मारली. वैदजींनी सगळ्या रांगेला चहा पाजला. हळूहळू मीही त्यांच्यासारखा बोलू लागलो. केबल पूर्ण उलगडून वापर, गुंडाळी ठेवलीस तर आतल्या आत तापते. प्लग डोक्याला धरून काढ, शेपटी ओढू नको. बिट बदलायच्या आधी प्लग बाहेर. ज्या टोळीत मी होतो तीच टोळी आता खिडकीबाहेर कुरकुर करायची आणि मला त्याची भलतीच मजा वाटायची.

काही वर्षं अशी धडाक्यात गेली. भट्ट्या पेटल्या, रूळ बाहेर पडू लागले, कॅम्पात लोकांची लेकरं शाळेत जाऊ लागली. शेवटी शेवटी वैदजींच्या हातून कप निसटायचा, पण आम्ही हसण्यावारी न्यायचो.

एका सकाळी त्यांनी पास केलेली केबल टेबलावर पडली होती. मी ती नुसती उचलून बाजूला ठेवत होतो, आणि माझं बोट थांबलं. प्लगपासून हातभर अंतरावर चीर. तीनदा पाहिलं. चीरच होती.

गुपचूप चिंधी बांधून कोपऱ्यात टाकली असती तर कोणाला कळलं नसतं. वाक्यही शाबूत राहिलं असतं. पण आज मी लपवली तर उद्याची कोण पाहणार? उद्याची एखाद्या फिटरच्या हातात जाणार. मी ती केबल त्यांच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी डोळे मिटले, केबल सरकवली. बोटं चिरेवरून सरळ पुढे गेली. परत आणली. परत गेली. तिसऱ्यांदा अगदी सावकाश. मग त्यांनी डोळे उघडले आणि चष्मा लावला. केबल पाहायला त्यांनी चष्मा लावलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"खिडकीबाहेर गेली होती का?"

"नाही वैदजी. इथंच होती."

"मंग खरं हाये अजून," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून चिंधी काढली. मला वाटलं, केबलला बांधतील. त्यांनी ती स्वतःच्या उजव्या मनगटाला गुंडाळली, एक टोक दातांत धरून गाठ मारली आणि स्टुलावरून खाली उतरले. "हे बाद."

मी रडलो, लपवत नाही. म्हणालो, "तुमी नुसते बसा. मी मागून साऱ्या दोनदा पाहीन."

"चिंधी बांधलेली आपुन कोनाले देत नाही गजानन," ते म्हणाले. "मोठ्या साहेबालेही नाही."

दुर्गच्या फलाटावर मी त्यांना पोचवायला गेलो तेव्हा ती चिंधी मनगटावर होतीच. गाडी हलायच्या आधी त्यांनी खिडकीतून माझा हात ओढून घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिलं. "तेल लावत जा," म्हणाले. त्यानंतर भेट झाली नाही. त्यांच्या मुलाचं कार्ड आलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

निवृत्त होईपर्यंत मी त्या खिडकीत बसलो आणि ते वाक्य मी खोटं पडू दिलं नाही. आता घरी रोज सकाळी मिक्सरची आणि इस्त्रीची वायर पाहतो, डोळे मिटून. सून हसते. "बाबूजी, नई है." मी म्हणतो, नव्यालाही नाडी असते. बोटं अजून खोटं बोलत नाहीत. पण कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक लाल चिंधी मी काढून ठेवली आहे, आणि सुनेला सांगून ठेवलं आहे, ज्या दिवशी माझं बोट चुकेल त्या दिवशी लपवू नको, वायर माझ्या पुढ्यात आणून ठेव.