हिरव्या रांगेतलं वाळकं रोप

धाडहून बुलढाण्याला येताना एसटीत शेजारच्या चाचांच्या मांडीवर कडुनिंबाचं वाळकं रोप होतं. मी शहाणपणानं मोबाइलवर जिल्ह्यातल्या वृक्षलागवडीसारख्या हवामान-कामांचा डॅशबोर्ड उघडून दाखवला. तक्त्यात त्यांच्या गावाच्या नावाची रांग हिरवी होती, म्हणजे लावलेली सगळी रोपं जिवंत!

"तेच तं लाल कराले चाललो ऑफिसात," चाचा म्हणाले. त्यांनी नखानं रोपाची साल खरवडून आतलं कोरडं लाकूड दाखवलं. "थे हिरवं पाहून टँकर कोन पाठवीन, भाऊ? बाकीची रोपं अजून जितीच हायेत."

मी गुपचूप मोबाइल खिशात घातला.

चार दिवसांनी घरी पुन्हा डॅशबोर्ड पाहिला, तर रांग लाल आणि पुढे नोंद: टँकर सुरू. मी टाळ्याच वाजवल्या.

बायको म्हणाली, "पोरगी पास झाली तवाही एवढे खुश नव्हते तुमी!"