दाराकडे तोंड केलेल्या चपला

जपानात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. शेजारच्या यामादाबाईंनी चहाला बोलावलं, आणि मी जपूनच गेले. मध्येच हात धुवायला उठले तर दिसलं, दारात काढलेल्या माझ्या चपला कुणीतरी नीट जोडून, बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवल्या होत्या. आमच्याकडे नकोशा पाहुण्यासमोर जांभया देतात. इथे चपला वळवतात, वाटतं!

"निघते मी," मी मोडक्यातोडक्या जपानीत म्हटलं.

बाई किटली धरून गोंधळल्या. "इतक्यात? माझं काही चुकलं का?"

मी चपलांकडे बोट दाखवलं. त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. "अहो, निघताना घालायला सोप्या जाव्यात म्हणून. सगळ्यांच्याच ठेवते मी."

हुश्श झालं. माझ्या आईच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. आपली जोडी शोधता शोधता पाहुणे उंबऱ्यावर आणखी अर्धा तास बोलत उभे राहायचे, आणि आईला तेच हवं असायचं.

मी पुन्हा मांडी घालून बसले, कप पुढे केला. बाहेर अंधारून आलं तरी चपला बिचाऱ्या दाराकडे तोंड करून वाट बघत होत्या.